निवेदन बारीक, गाणं मोठं

प्रश्न : पॉडकास्टमध्ये निवेदन आणि शीर्षकसंगीत दोन्हींचा पीक उणे १ डेसिबलवर आणते. मीटरवर दोन्ही सारखे, तरी संगीत लागलं की ऐकणारे आवाज कमी करतात. असं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पीक म्हणजे क्षणभर उसळलेली पातळी. कान एवढ्याशा उसळीवर आवाज मोठा की बारीक हे ठरवत नाही. त्याला थोडा वेळ टिकलेली पातळी जाणवते. बोलताना जोर दिलेल्या अक्षरावर पातळी उसळते, शब्द संपला की पडते, शिवाय मध्ये श्वासाच्या रिकाम्या जागा. तयार संगीताच्या उसळ्या लिमिटरने आधीच छाटून बाकी सगळं वर उचललेलं असतं. त्यामुळे पीक जुळले तरी संगीत सहज ८-१० डेसिबलने भारी पडतं, आणि १० डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.

म्हणून पीक सोडा, एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, मोजा. या मोजणीत कानाची संवेदनशीलता धरलेली असते आणि लांब शांतता गाळली जाते. आधी निवेदन घ्या: ८० हर्ट्झखालचं कापा, ३:१ कॉम्प्रेसरने (मोठे आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) ३ ते ६ डेसिबल दाबा, मग उणे १६ एलयूएफएसवर आणा. संगीताची क्लिप वेगळी मोजून उणे १८ ते १९ वर ठेवा, कारण ऐकणारा फोनचा आवाज बोलण्यावर बेतून ठेवतो. अख्ख्या भागाचं एकच माप घेऊ नका. अर्ध्या तासाच्या बोलण्यात पंधरा सेकंदांचं कर्कश संगीत सरासरीत दिसतच नाही.

बोलण्याखाली संगीत ठेवायचं तर ते १५ ते २० डेसिबल खाली हवं. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणखी ३-४ डेसिबल काढा. व्यंजनं तिथेच ओळखू येतात. शब्द असलेलं गाणं मात्र नकोच, कितीही बारीक केलं तरी कान त्या शब्दांमागे जातो. संगीत बोलण्याच्या अर्धा सेकंद आधी उतरवा आणि सावकाश, एक-दोन सेकंदांत चढवा. घाईने चढवलं तर प्रत्येक श्वासाला ते डोकं वर काढतं.

प्रश्न : माझं निवेदन मोनो आहे. तेही उणे १६ वरच आणायचं?

उत्तर : नाही, उणे १९ वर. एका चॅनेलची फाइल दोन्ही कानांत वाजते, म्हणून मोजलेल्या मापापेक्षा ३ डेसिबलने मोठी ऐकू येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल मोनो’वर खूण असेल, तर हा फरक तिथेच धरला जातो, मग आकडा उणे १६ च द्या.