दुर्बिणीतून साफसफाई की थेट नवा गुडघा?

तुम्ही लिहिलंत, तुमच्या आईंचं वय ६६, एक्स-रेत गुडघ्याच्या सांध्यातली फट जवळपास बुजलेली, म्हणजे गुडघा बराच झिजलेला. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून साफ करू, दुसरे म्हणतात बदलूनच टाका. सासूबाईंच्या वेळी आम्हालाही हेच दोन सल्ले मिळाले होते.

साफसफाईला माझ्या मते सरळ नाही म्हणा. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २००२ साली छापून आले. काहींचा सांधा खरवडून साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींच्या कातडीला फक्त तीन चिरा दिल्या. या तिसऱ्या गटाला शंका येऊ नये म्हणून सर्जन हत्यारं मागत राहिले, पाणी उडवून धुतल्याचा आवाजसुद्धा केला! दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच. तरी आपल्याकडे ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणून हे अजून सुचवलं जातं. गुडघा मधेच अडकून बसत असेल तर गोष्ट वेगळी.

बदलण्याचं म्हणाल, तर डेन्मार्कचा २०१५चा अभ्यास मला सगळ्यात कामाचा वाटतो. शंभर रुग्ण. निम्म्यांचा गुडघा बदलून वर व्यायाम, निम्म्यांना बारा आठवडे नुसता देखरेखीखालचा व्यायाम, आहार, गोळ्या. वर्षानंतर ऑपरेशनवाल्यांना आराम स्पष्ट जास्त, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. आणि व्यायामाच्या गटातल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांनी वर्षभरात ऑपरेशन करूनच घेतलं नाही. म्हणून आधी तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे नेटानं जा. नुसतं घरी पाय हलवणं त्यात धरू नका. मांडीचा स्नायू भरला तर पुढे ऑपरेशन झालं तरी उपयोगीच.

टिकण्याची काळजी फार नको. जुन्या नोंदींवरून, पूर्ण बदललेले १०० पैकी ८२ गुडघे २५ वर्षं चालतात. इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर २०१७पासून सरकारी मर्यादा आहे (कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी), पण ती फक्त इम्प्लांटला, बाकी बिलाला नाही. एस्टिमेट मागताना इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून घ्या.

ऑपरेशन झालंच तर गुडघ्याखाली उशी देऊ नका, बरं वाटतं पण पाय वाकडा राहतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची.

आईंना रात्री दुखण्यानं जाग येते का, आणि पाय पूर्ण सरळ होतो का? तेवढं कळवा.