वेगात असलेली बोट नाक वर करून मागे का उलटते, आणि नाकात वजन घातले तर ते थांबते का?

आपला प्रश्न असा आहे की, मुलाने तयार केलेली रिमोटची टनेल बोट (दोन बाजूंना दोन तरंगते आणि मध्ये हवेसाठी बोगदा असलेली) पूर्ण वेग घेताच नाक वर करून मागे कोलांटी खाते. खऱ्या रेसिंग बोटींचेही असे होते का, आणि नाकात शिसे घातले तर हे थांबेल का. पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे ‘काही अंशी’ असे आहे, आणि ते तसे का, हे शिसे घालण्याआधी समजून घेतलेले बरे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. बोटी हा माझा छंद असून माझ्या दोन बोटी नेमक्या अशाच गेल्या आहेत.

आपल्याकडे उसाची बैलगाडी भरताना गाडीवान मोळ्या पुढेमागे करत राहतो, ते आपण पाहिले असेल. ओझे आसाच्या मागे गेले तर गाडी उलाळ होऊन जू वर उचलले जाते, आणि पुढे गेले तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. बोटीत आसाच्या जागी गुरुत्वमध्य धरावा. गाडीतले ओझे मात्र एकदा रचले की जागचे हलत नाही. बोटीवर हवेचा जो उचलणारा जोर येतो तो वेगाबरोबर वाढतो आणि त्याची जागाही बदलते. सगळी अडचण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आधी जोर किती असतो ते पाहू. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला तो दर चौरस मीटरला साधारण १७ किलो, २०० ला सुमारे १९० किलो आणि ५०० ला जवळपास १,२०० किलो इतका भरतो. हा सगळा दाब उचल बनत नाही. नाकाचा कोन आणि तळाचा आकार यांवर त्यातला हिस्सा ठरतो. माझी पहिली बोट ७० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि १ किलो ८०० ग्रॅम वजनाची होती. तिचा डेक जेमतेम पाव चौरस मीटरही नव्हता; तरी ६० च्या वेगाला त्या दाबाचा निम्मा हिस्सा जरी उचलीत गेला, तरी बोटीचे जवळजवळ सगळे वजन हवेनेच पेललेले असते. अशा वेळी पाण्याला टेकलेली असतात ती फक्त स्पॉन्सनची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तरंगत्यांची, मागची टोके आणि प्रोपेलर.

जोवर ती टोके पाण्यात आहेत तोवर पाणी बोटीला सांभाळते. नाक जरा वर गेले की शेपूट पाण्यात दबते, पाणी तिला खालून ढकलते आणि नाक आपोआप खाली येते. शेपटीने पाणी सोडले की हा आधार एका क्षणात जातो. मग बोट म्हणजे एक बुटका, रुंद पंख उरतो, आणि मोकळ्या हवेत अशा पंखाची उचल पुढच्या कडेपासून लांबीच्या साधारण पहिल्या चतुर्थांशाच्या आसपास वाढते, तर इंजिनामुळे गुरुत्वमध्य त्याच्या बराच मागे असतो. नाक वर गेल्याने उचल वाढते, ती पुढच्या बाजूला वाढल्याने नाक आणखी वर जाते. त्यात भर अशी की, पाण्याच्या अगदी लगत असताना टनेलमधल्या कोंडलेल्या हवेमुळे उचलीचा मध्य बराच मागे असतो, आणि बोट वर उठू लागली की तो पुढे सरकतो. म्हणजे ज्या क्षणी तो मागे हवा, नेमका त्याच क्षणी तो पुढे जातो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ४ जानेवारी १९६७ चे आहे. इंग्लंडमधील कॉनिस्टन वॉटर या तलावावर डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या ‘ब्लूबर्ड के-७’ या जेट बोटीने पहिल्या फेरीत सरासरी ताशी सुमारे ४७९ किलोमीटरचा वेग गाठला. विक्रमासाठी दोन्ही दिशांची सरासरी लागते, म्हणून लाटा निवण्याची वाट न पाहता त्यांनी लगेच परतीची फेरी धरली. त्या फेरीत वेग ५०० च्या पुढे गेला, बोट उसळू लागली, नाक उचलले गेले, ती मागे कोलांटी खाऊन पाण्यावर आपटली आणि कॅम्पबेल मृत्युमुखी पडले. इंजिनाचा जोर ऐन वेळी कमी झाला असावा, असेही बरेच अभ्यासक मानतात.

याउलट केन वॉर्बी यांनी सिडनीत घरामागच्या अंगणात बांधलेल्या ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ने ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला, जो आजही अबाधित आहे. त्या बोटीला विमानासारखी उंच शेपटी आणि तिच्यावर आडवा पंख होता. बाणाला मागे पिसे लावतात त्यामागचे कारण इथेही लागू पडते: मागे क्षेत्रफळ वाढले की उचलीचा मध्य मागे सरकतो. २०१८ च्या नोव्हेंबरात आंध्रातील अमरावती येथे (विदर्भातली नव्हे) कृष्णेच्या पात्रात एफ-वन पॉवरबोटींची शर्यत झाली होती. नरसोबावाडीला आपली पंचगंगा जिला मिळते तीच ही कृष्णा. त्या बोटी दोनशेच्या पुढे पळतात आणि चालक इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कलता कोन, सतत वरखाली करून नाक ताब्यात ठेवतो. आपल्या मुलाच्या हातात बहुधा तशी सोय नसेल.

आता माझ्या अनुभवाचे. मी मित्राच्या शेततळ्यावर बोट चालवत असे, आणि ती दर वेळी एकाच जागी उलटायची. मोबाइलवर संथ गतीने चित्रण पाहिल्यावर उलगडा झाला. तळ्याचा बांध तिथे खचलेला होता आणि त्या फटीतून पश्चिमेचा वारा समोरून येत होता. पाण्याच्या हिशेबाने वेग ६०, पण हवेच्या हिशेबाने ७०. म्हणजे उचल एकदम तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढली. शिवाय आधीच्या फेरीची लाट काठावर आपटून परत येत होती. बॅटरी ४ सेंटीमीटर पुढे सरकवल्यावर सरळ रेषेतले उलटणे बरेच कमी झाले, पण वळणावर बोट नाक पाण्यात खुपसू लागली, आणि हा प्रकार काही कमी वाईट नव्हे. शेवटी बॅटरी २ सेंटीमीटर मागे घेऊन ३ मिलिमीटर प्लायचा आडवा पंख मागे उंचावर बसवला, तेव्हा कुठे जमले.

शिसे घालण्यापूर्वी एक चाचणी घरीच करता येईल. बोट पट्टीवर तोलून गुरुत्वमध्य शोधावा, मग ती कुशीवर आडवी धरून त्या बिंदूवर उभ्या खिळ्यावर सहज फिरेल अशी बसवावी आणि समोर मोठा पंखा लावावा. मी आमच्या शेडमधला मॅनकूलर वापरला. पाण्याच्या पृष्ठभागाऐवजी तळाजवळ प्लायची फळी उभी करावी. बोटाने नाक जरा फळीपासून दूर ढकलल्यावर ते परत वाऱ्याकडे आले तर ठीक. भेलकांडून मागे फिरले तर पाण्यावरही तेच होणार. नंतर फळी काढून पुन्हा पाहावे, म्हणजे बोट वर उठल्यावर काय होते ते कळते. पंख्याची हवा गरगरत येते, त्यामुळे यातून आकडे काढू नयेत. बॅटरी एका वेळी एकच सेंटीमीटर सरकवून दर जागेला पेन्सिलीने खूण करावी, आणि पहिल्या फेऱ्या वारा पडलेल्या सकाळी घ्याव्यात.