पिओनी कुंडीतून अंगणात? इंदुरात तरी नका लावू

ताई, तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात ऑनलाइन मागवलेली पिओनीची (थंड प्रदेशातलं गच्च पाकळ्यांचं फूलझाड), साराह बर्नहार्ट जातीची तीन मुळं विजयनगरच्या गॅलरीत बारा इंची कुंड्यांत लावली, पानं मस्त आलीत, आणि आता बिचोलीच्या नव्या घराला अंगण मिळतंय तर पावसाच्या आधी जमिनीत हलवू का. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, स्वतःची दोन मुळं सडवून आणि एक फुलवून मग सांगतेय.

२०१७ मधे मी पण अशीच तीन मागवली होती. पाकिटावर बल्ब लिहिलेलं, तो बल्ब नसतोच, बारक्या रताळ्यांचा घोस असतो आणि वरच्या टोकाला लालसर गुलाबी कोंब, अगदी आंबेहळदीला फुटतात तसे. त्यांनाच डोळे म्हणतात. एक मी रामबागेतल्या अंगणात लावलं, दोन कुंडीत. अंगणातल्याची पानं मे महिन्यात करपली, मला वाटलं उन्हाळ्यात झोपलंय, पावसाळ्यानंतर उठेल. ऑगस्टात खुरपीने उकरून बघितलं तर मुळं काळी, बोटाने दाबली की आतून पचकन पाणी, आणि वास तर विचारूच नका, नासक्या मुळ्यासारखा. आपली माळव्याची काळी माती जूनच्या शेवटापासून जे पाणी धरून बसते ते सोडतच नाही. थंड प्रदेशात पिओनीची पानं पार शरदापर्यंत हिरवी राहतात आणि मुळांत पुढच्या वर्षाची पुंजी भरतात, आपल्याकडे मेमधेच पानं जातात आणि झोपलेलं उपाशी मूळ चार महिने गरम चिखलात, मग सडणार नाही तर काय.

आणि फुलाचं म्हणाल तर खरी अडचण मातीची नाहीच, थंडीची आहे. पिओनीला कळी धरायला ४ अंशांच्या आसपास किंवा खाली अशी थंडी ५०० ते १००० तास लागते, जातीप्रमाणे कमीजास्त. आपल्याकडे जानेवारीत पहाटे सरासरी १० अंश आणि दुपारी २६. आपल्याला स्वेटर लागतो म्हणून पिओनीला थंडी लागली असं होत नाही ना! त्यात तुमची साराह बर्नहार्ट (१९०६ ची फ्रेंच जात, सुंदर आहे, वाद नाही) उशिरा फुलणारी, म्हणजे तिची कळी येईपर्यंत इथे लू, उन्हाळ्यातले गरम वारे, सुरू. घ्यायचीच होती तर फेस्टिव्हा मॅक्सिमासारखी लवकर फुलणारी घ्यायची.

ती थंडी द्यायला फ्रिजचा उपाय पण केलाय. नोव्हेंबरात कुंडीतलं एक मूळ काढून, माती झटकून, जेमतेम ओलसर कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याचा भुसा) भोकं पाडलेल्या पिशवीत घालून दहा आठवडे खालच्या कप्प्यात ठेवलं. सफरचंद, केळी त्या फ्रिजमधे ठेवायची नाहीत, त्यांच्या वायूने कोंब खराब होतात, त्यामुळे घरात फळं टोपलीत आणि मुळं फ्रिजमधे. सासूबाईंनी विचारलं पण, "ही कसली गं कंदमुळं, उपासाला चालतात का?" जानेवारीच्या शेवटी कुंडीत लावलं, एक कळी आली, शेंगदाण्याएवढी झाली आणि मार्चच्या उन्हात तपकिरी होऊन वाळली. ते रोप पुढच्या पावसाळ्यात गेलं.

राहिलेलं तिसरं मात्र आज फुलतंय, पण शिमल्यात, भाचीच्या घरी. ऑक्टोबर २०१८ मधे मालवा एक्स्प्रेसने अंबाला आणि तिथून बसने, मूळ सुती पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. हलवायची वेळ तीच, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. अख्ख्या मातीच्या गोळ्यासकट न फोडता लावायचं असेल तर वसंतातही चालतं, पण उघडी मुळं किंवा तुकडे करायचे तर शरदातच. खड्डा दीड-दोन फुटांचा, आणि तो आठवडाभर आधी भरून ठेवायचा, कारण भुसभुशीत माती नंतर बसते, रोप खाली जातं आणि डोळे खोल गाडले जातात. सगळा खेळ या खोलीचा आहे. डोळ्यांवर माती जास्तीत जास्त दोन इंच, गरम जागी एकच. मी खड्ड्यावर खुरपीचा दांडा आडवा ठेवून बोटाने मोजत बसले होते आणि भाची हसत होती. याहून खोल गेलं की वर्षानुवर्षं नुसती पानं येतात आणि माणूस खत घालत बसतो. शेणखत गड्ड्याला टेकवायचं नाही, बाजूला. पहिल्या हिवाळ्यात वर चीडची (पाइनच्या झाडाची) वाळकी पानं पसरली, वसंतात काढली. मग तीन वर्षं गप्प बसायचं. पहिल्या वर्षी एक काडी, दुसऱ्या वर्षी तीन, फूल मे २०२१ ला. कळ्यांवर मुंग्या आल्या म्हणून भाचीने घाबरून फोन केला, त्या फक्त गोड रस खायला येतात, काही करत नाहीत, औषध मारू नका.

आता तुमच्या तीन कुंड्या. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा द्या, १५ जूनच्या आत छपराखाली घ्या, बोट दोन इंच कोरडं जाईपर्यंत पाणी नको. बारा इंच कमी पडतं, पुढच्या वेळी सोळा-अठरा इंची घ्या, आणि मातीत काळी माती अजिबात नको, लाल माती, पानांचं खत आणि नर्मदेची जाडी रेती.

बिचोलीच्या अंगणात तसंच गच्च पाकळ्यांचं फूल हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात डेलिया लावा, फेब्रुवारीत बघणारे थांबतील. एक सांगते, ऑनलाइन "पिओनी पॉपी" म्हणून बी मिळतं, फोटो हुबेहूब, ते मागवू नका. ती चक्क अफू आहे, मंदसौर-नीमचवाले लायसन्स घेऊन लावतात तीच, आणि ती लायसन्सं देणाऱ्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरलाच आहे. आणि निळ्या पिओनीचं बी विकणारा दिसला तर पुढे चला, निळी पिओनी नसतेच.

ऑक्टोबरात हिमाचल किंवा कुमाऊंकडे कोणी ओळखीचं जाणारं असेल तर आत्ताच विचारून ठेवा, मुळं पिशवीत दोन-तीन दिवस आरामात टिकतात. फक्त निघायच्या आदल्या दिवशी काढा आणि प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे ठेवा.