टी-बकेट हॉट रॉड खरंच चांगली बांधलीय की नुसती चकचकीत, हे कसं ओळखायचं?

टी-बकेट म्हणजे जुन्या फोर्ड मॉडेल टीची छोटी, उघडी बॉडी आणि दमदार इंजिन घेऊन बांधलेली हॉट रॉड (बदल करून वेगवान केलेली गाडी). रंग आणि क्रोम सोडा, गाडी आधी बाजूने बघा: रेडिएटरची उंची, काचेची चौकट, स्टिअरिंगच्या दांड्याचा तिरपेपणा आणि मागचा आखूड पिकअप-डबा एकमेकांशी जमत असतील, तर बांधणाऱ्याला नजर आहे. फोर्ड मॉडेल टीची (१९०८–१९२७) बॉडी मुळातच चिमुकली, त्यामुळे रेडिएटर जरा उंच झाला तरी सगळं बेढब दिसतं. नॉर्म ग्राबोव्स्की या अमेरिकन गाडी-बांधणाऱ्याने १९५०च्या दशकात कॅडिलॅकचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवून हा साचा घालून दिला. अमेरिकन रेसर टॉमी आयव्होची ब्यूक इंजिनवाली टी-बकेट मला ग्राबोव्स्कीच्या गाडीहून नेटकी वाटते. मग जवळ जा. बॉनेट नाही, मडगार्ड नाहीत, म्हणजे लपवायला जागाच नाही:

- चासीच्या चौकटीचं वेल्डिंग
- ब्रेकचे पाइप आणि वायरिंग
- पुढच्या स्प्रिंगचा ब्रॅकेट. बहुतेक गाड्यांत हा स्प्रिंग चौकटीच्याही पुढे असतो आणि पुढचा सगळा भार त्या ब्रॅकेटवर येतो. तो कच्चा असेल तर बाकीचं सौंदर्य गेलं चुलीत.

फायबरग्लास बॉडीला मात्र नाकं मुरडू नका. मूळ पत्र्याची चांगली बॉडी सहज मिळत नाही. फक्त आतून लाकडाचा किंवा स्टीलचा आधार दिलाय का, ते विचारा.