स्पॅनिशमध्ये उनो ते दिएस (एक ते दहा) पाठ आहे, पण 'चार दे' म्हटलं की मूठभर देते: काय करावं?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. चार वर्षांची लेक व्हिडिओ पाहून स्पॅनिश अंक एका दमात म्हणते, पण वाटीतले चार चिंचोके मागितले की मूठभर उचलते. सासूबाईंचं म्हणणं, आधी मराठी तर धड येऊ द्या. आणि दुसरीतल्या दादाला शंभरपर्यंत शिकायचंय. मी नागपुरातच लहान मुलांना स्पॅनिश शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लेकीचं काहीही बिघडलेलं नाही. अंक म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मुलांच्या मोजणीचे नियम मांडले, त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत: अंकांचा क्रम ठरलेला असतो, एका वस्तूला एकच अंक मिळतो, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण किती. व्हिडिओतून फक्त पहिला नियम येतो. उरलेले दोन हाताला वस्तू लागल्याशिवाय येत नाहीत.

म्हणून आज संध्याकाळी एवढंच करून पाहा. वाटीत दहा-बारा चिंचोके घ्या आणि मराठीतच म्हणा, 'मला तीन दे.' दिले तर 'मला पाच दे.' मोजायला सांगू नका, मागा. मुलं आधी 'एक' खरोखर समजतात, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि साधारण साडेतीन-चारच्या सुमारास कधीतरी सगळी मोजणी उलगडते. मराठीत पाच मागितल्यावर बरोबर पाच मिळाले, तर स्पॅनिशला आजच लागा. दोन-तीनवरच अडत असेल, तर स्पॅनिशमध्येही तीनच्या पुढे जाऊ नका.

इथे सासूबाईंचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या मुलांवर 2015 मध्ये अभ्यास झाला होता. एक-दोन-तीन या छोट्या अंकांचा अर्थ मुलांना प्रत्येक भाषेत वेगळा शिकावा लागतो, पण मोजणीचं तत्त्व एका भाषेत उमगलं की ते दुसऱ्या भाषेतही कामी येतं, असं त्यात दिसलं. म्हणजे घरच्या भाषेत मोजणी पक्की करणं हा स्पॅनिशचाच पाया आहे. पण त्यासाठी स्पॅनिश बंद ठेवायची गरज नाही. आपली नागपूरची मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अंक सहज वापरतात. मुलं गोंधळतात ती एकाच दमात तीन भाषा कोंबल्या की. 'एक म्हणजे वन म्हणजे उनो' हे मात्र कृपया करू नका. स्पॅनिशची एक जागा आणि एक वेळ ठरवा, त्या पाच मिनिटांत तेवढीच भाषा.

आता उच्चार, कारण माझ्या मते मराठी मुलाचं खरं भांडवल हेच आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलं की आपण 'डॉस, ट्रेस, क्वाट्रो' म्हणतो. स्पॅनिशमधले त आणि द हे आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात. त्यामुळे देवनागरीत लिहून भिंतीवर लावा: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएवे, दिएस. 'ओचो'तला च 'चार'मधला आहे, 'चोर'मधला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपली मुलं ओच्या पाठोपाठ आलेला चो हमखास 'चोर'सारखा काढतात. 'नुएवे'तला व ओठांनी हलका, ब कडे झुकणारा. स्पेनच्या बऱ्याच भागात पाचाला 'थिंको' आणि दहाला 'दिएथ' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'सिंको' आणि 'दिएस'. दोन्ही बरोबर. एक निवडा आणि व्हिडिओही त्याच उच्चाराचे लावा.

वस्तूंसाठी कुठलंही साहित्य विकत आणू नका. संत्र्यांचा हंगाम असेल तर एक संत्रं पुरतं. आपल्या संत्र्याची साल सैल, चार वर्षांचं लेकरूही सोलतं. फोडी सुट्या करून ताटलीत गोल मांडायच्या आणि प्रत्येकीवर बोट ठेवून अंक म्हणायचा. बोट आणि आवाज एकाच वेळी पडले पाहिजेत. बोट पुढे आणि तोंड मागे राहत असेल, तर तिचं बोट हातात धरून तुम्ही वेग कमी करा. शेवटच्या फोडीवर थांबून विचारा, 'कुआन्तोस?', म्हणजे किती? तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, तर तिसरा नियम अजून बसलेला नाही असं समजा. रागवू नका, तुम्हीच 'ओचो!' म्हणून सगळ्या फोडींभोवती हात फिरवा. मग एक फोड तिला खायला द्या आणि पुन्हा विचारा. फोडी दरवेळी सारख्या निघत नाहीत, हाच फायदा. उत्तर पाठ करून चालत नाही, मोजावंच लागतं.

संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांहा' म्हणतात, ह जरा घशातून. पण एका संत्र्याला 'उनो नारांहा' म्हणत नाहीत, 'उना नारांहा' म्हणतात, आणि एका आंब्याला 'उन मांगो'. नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर एकचं रूप बदलतं. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणणाऱ्या मुलाला नियम समजावावा लागत नाही, नुसतं ऐकवलं की पुरतं. दोन ते वीसमध्ये ही कटकट नाही.

शून्य बहुतेक पालक विसरतात. स्पॅनिशमध्ये 'सेरो'. त्यासाठी नागपूरसारखं गाव नाही! बर्डीकडे (सीताबर्डीकडे) जाताना झिरो माईलच्या स्मारकापाशी थांबा. तिथला खांब दाखवून 'सेरो' म्हणा आणि घोड्यांचे पुतळे मोजायला लावा: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. चारच आहेत, तुमच्या लेकीला नेमके हवे तेवढे. घरी परतताना विचारा, 'घोडे कुआन्तोस?' समोर वस्तू नसताना तिने 'क्वात्रो' म्हटलं, तर तो अंक तिचा झाला.

सहा आणि सातात बहुतेक सगळीच मुलं अडखळतात, सेइस-सिएते कानाला जवळचे आहेत. एकाच दिवशी दोन्ही शिकवू नका. आधी सेइसवर आठवडाभर मुक्काम, मग सिएते. लपाछपीत ज्याच्यावर राज्य आहे त्याने दिएसपर्यंत मोजायचं ठेवलं, तर क्रमाची उजळणी आपोआप होते. आणि एक कळकळीची विनंती: पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' म्हणू नका. मुलं त्या एका गोष्टीने भाषेपासून दूर जातात, मी हे फार पाहिलंय.

दादासाठी रस्ता वेगळा आहे. त्याला मोजता येतं, नावं हवी आहेत. अकरा ते पंधरा पाठच करावे लागतात: ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. 'दोस-दोसे' आणि 'त्रेस-त्रेसे' शेजारी ठेवून ऐकवा. सोळापासून सोपं होतं: दिएसिसेइस, म्हणजे दहा आणि सहा. एकतीसपासून तर सरळ 'त्रेइंता इ उनो', तीस आणि एक. आपण पस्तीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो, त्यामुळे दुसरीतली मुलं 35 चे 53 करतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये 21 साठी 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा वाद झाला, आठवत असेल. मला आपली एकोणतीस-एकोणचाळीस ही नावं प्रिय आहेत आणि मुलांना ती आलीच पाहिजेत. पण स्पॅनिशमध्ये दशक आधी, एकक नंतर असल्यामुळे दादाला 35 कसा बनतो ते कानाने कळेल. त्याला अंक लिहायला सांगा आणि तुम्ही 'त्रेइंता इ सिंको' म्हणा. ज्या क्रमाने ऐकू येतं त्याच क्रमाने हात चालतो.

त्याचं पुढचं अडखळणंही सांगून ठेवते: साठ 'सेसेन्ता' आणि सत्तर 'सेतेन्ता'. सेइसवरून सेसेन्ता, सिएतेवरून सेतेन्ता, अशी जोडी लावून द्या. शंभराला नुसतं 'सिएन', पण एकशे एकला 'सिएंतो उनो'. आधी पन्नासपर्यंत पक्कं होऊ द्या, पुढचं तो स्वतःच विचारेल. लेकीचं चिंचोक्यांचं काय झालं ते इथेच कळवा, म्हणजे तिला तीनपासून घ्यायचं की पाचपासून ते सांगते.