तरुणपणी आणि उतारवयात हार्ट अटॅकची कारणं वेगळी असतात का?

पाचोऱ्यातला ३६ वर्षांचा भाऊ आणि ७० वर्षांचे वडील, दोघांना धोका सारखाच समजून एकच तपासण्या करायच्या का, असं तुम्ही विचारलंय. तसं करू नका. कारणांची यादी बरीचशी एकच आहे, पण कोणतं कारण किती जड पडतं ते वयाप्रमाणे बदलतं.

आधी भावाबद्दल, कारण दुर्लक्ष तिथेच होतं. चाळिशीच्या आतल्या अटॅकमध्ये तंबाखू सगळ्यात पुढे असतो. ‘बिडी-सिगारेट नाही, नुसता तंबाखू-चुना मळतो’ यात काही समाधान नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या शरीरातही तोच निकोटीन जातो. त्याच अभ्यासात आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरांना साधारण ५९व्या वर्षी.

दुसरं कारण रक्ताचं नातं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर विशीतच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करा. त्यात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर आलं तर तो बहुधा नुसत्या तेलाचा दोष नसतो, आनुवंशिक आजार असू शकतो; पथ्यावर न थांबता डॉक्टरांना भेटा. सोबत लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिकतेने वाढणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही, लॅबला वेगळी सांगावी लागते. दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो.

तरुणांत हृदयाला रक्त पुरवणारी नळी अनेकदा फार अरुंद झालेलीच नसते. चरबीचा छोटा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि काही मिनिटांत रक्त थांबतं. त्यामुळे आधी दम लागणं, चालताना छाती भरून येणं असा इशारा मिळत नाही. महिन्यापूर्वीची ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल होती म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळेच. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत नळीचा आतला पदर आपोआप चिरल्यानेही अटॅक येतो. अशा बाईला बीपी, शुगर काहीच नसू शकतं.

वडिलांचं गणित वर्षानुवर्षं साठलेलं असतं: बीपी, शुगर, किडनी आणि खुद्द वय. मीठ सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. पापड, बिबडे, लोणचं आणि शेव-भाजी यांतलं मीठही त्यातच मोजायचं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डोस डॉक्टरांना विचारून घ्या, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की बीपी उतरतं आणि हृदयाला रक्त कमी पडतं. जोराचा ताप किंवा रक्त कमी होणं हेही या वयात अटॅकला पुरेसं ठरतं.

लक्षणंही फसवी. सत्तरीत, त्यातही शुगर असेल तर, छातीत न दुखता नुसता दम, घाम, गळून जाणं किंवा असंबद्ध बोलणं एवढंच दिसू शकतं. तरुणाची कळ मात्र ‘गॅस झालाय’ म्हणून सोड्यावर काढली जाते.

शंका आली की १०८ लावा. ॲलर्जी, रक्तस्राव किंवा लकव्याची शंका नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नाही तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा, ट्रोपोनिन ही हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणीही करा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम ठिकाणाहून दोन तासांत अँजिओप्लास्टी (बंद नळी फुग्याने उघडणं) होणं शक्य नसेल, तर ईसीजीत नस पूर्ण बंद दिसताच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच द्यावं, मग पुढे न्यावं. सॉर्बिट्रेट (नळ्या रुंद करणारी छातीदुखीची गोळी) मात्र बीपी न मोजता जिभेखाली ठेवू नका; बीपी कमी असेल तर माणूस तिथेच कोसळतो.