दोन हजार दंड भरून मोकळं होता येईल का?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी खटाव तालुक्यातला, वय २३, पोलीस भरतीची तयारी करतोय. गेल्या पेरणीला चुलत्यांनी ट्रॅक्टरने आमचा बांध कोरला, त्यावरून मारामारी झाली. चुलत्यांच्या डोक्याला काठीने खोक पडली, माझ्या वडिलांचा हात सुजला. त्यांनी फिर्याद दिली. आम्ही घरातली भानगड म्हणून दिली नाही. माझ्यावर, वडिलांवर आणि भावावर भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) लागली. अटक झाली नाही, नोटीस देऊन सोडलं, पण काही कागदांवर सह्या घेतल्या. रागात मी एक स्टेटसही ठेवलं होतं. आता वडूज कोर्टाचं समन्स आलंय. पहिल्या तारखेला मी साताऱ्यात अकॅडमीत होतो, गेलो नाही. वडील आणि भाऊ गेले होते. गावातले एक जाणते म्हणतात, "लोकअदालतीला कबूल म्हणून टाक, दीड-दोन हजार दंड होईल, विषय संपेल." चुलतेही आता मऊ पडलेत. काय करावं?

उत्तर : कबूल म्हणू नका. तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण या एका शब्दापुढे बाकीचे लहान आहेत.

कोर्ट दोषारोप वाचून दाखवतं आणि विचारतं, "गुन्हा कबूल आहे का?" तुम्ही "कबूल आहे" म्हणालात की त्याच कबुलीवर न्यायाधीश तुम्हाला दोषी ठरवू शकतात. साक्षीपुराव्याची गरज उरत नाही. मग दंड दोन हजार असो नाहीतर दोनशे, कागदावर तुम्ही शिक्षा झालेले आरोपी असता. कैद म्हणजे शिक्षा आणि दंड म्हणजे 'नुसता दंड' असा फरक आपल्या गावांत सर्रास करतात. कायदा करत नाही, दंड हीसुद्धा शिक्षाच. शिवाय मागाहून पश्चात्ताप झाला तरी वाट जवळपास बंद असते. स्वतः कबुली दिलेल्या माणसाला शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील करता येतं. "मी मारलंच नव्हतं" हे तिथे सांगता येत नाही.

ते जाणते खोटं बोलत असतील असं नाही. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या आहेत, आणि ही गल्लत मी गेली कित्येक वर्षं कोर्टाच्या आवारात ऐकतो आहे. लोकअदालतीत होते ती तडजोड. तडजोडपात्र गुन्ह्यात फिर्यादी आणि आरोपी मिटवतात तेव्हा कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. पण लोकअदालतीच्याच दिवशी किरकोळ खटले कबुलीवरही निकाली निघतात. दिवस तोच, आवार तेच, गर्दी तीच. संध्याकाळी पारावर दोघंही सांगतात, "लोकअदालतीत मिटलं." त्यातला एक निर्दोष घरी आलेला असतो आणि दुसरा दोषी ठरून, पावती खिशात घालून. दुसऱ्याला हे कळतं ते नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा कागद आल्यावर. दारू पिऊन दंगा किंवा जुगाराच्या केसमध्ये कुणी कबुली देऊन सुटलं, तर तो त्याचा हिशेब. भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या पोराने हा हिशेब करू नये.

मग तडजोड करू, असं तुम्ही म्हणाल. चुलते मऊ पडलेत हे चांगलंच आहे, पण इथे एक आडकाठी आहे. ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शिवीगाळ करून अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी. ही कलमं मिटवता येतात. ३(५) हे फक्त 'तिघांनी एकाच इराद्याने मिळून केलं' असं सांगणारं कलम. ११८(१) मात्र घातक हत्याराने दुखापत केल्याचं कलम आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते तडजोडपात्र नाही. म्हणून तुमचा खटला, चुलत्यांची कितीही इच्छा असली तरी, वडूजच्या कोर्टात नुसत्या अर्जावर मिटणार नाही. लोकअदालतीतही नाही, कारण तडजोडपात्र नसलेला गुन्हा तिथे घेताच येत नाही.

वाटा दोन. पहिली वाट ११८(१) लाच हात घालण्याची. दोषारोपपत्राची पूर्ण नक्कल तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. ती हातात आली की आधी फिर्याद वाचू नका, जखमेचा दाखला वाचा. जखम किती लांब, किती खोल, कशाने झाली असावी, साधी की गंभीर, हे डॉक्टरांनी तिथे लिहिलेलं असतं. या कलमासाठी हत्यार असं हवं, की ते मारायला वापरलं तर जीव जाऊ शकतो. प्रत्येक काठी तशी नसते. शेळ्या वळायची निरगुडीची काठी वेगळी आणि लोखंडी कडं बसवलेली लाठी वेगळी. पोलिसांनी काठी जप्त केली का, पंचनाम्यात तिची लांबी-जाडी लिहिली आहे का, की नुसतंच 'काठी' लिहून पुढे गेले, ते पाहा. जखम डोक्यावर असल्यामुळे हा मुद्दा वाटतो तितका सोपा नाही, सरकारी वकील त्याच जखमेवर बोट ठेवतील. तरी तो मांडायलाच हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्यात, दोषमुक्तीच्या (आरोप ठेवण्याआधीच त्यातून वगळा, अशा) अर्जाला नकला मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. नकला घेतल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. बरेच जण या दोन महिन्यांत नुसत्या तारखा घेत बसतात. ११८(१) गळून ११५(२) राहिलं, तर चुलत्यांशी तडजोड तिथल्या तिथे होते.

दुसरी वाट उच्च न्यायालयाची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली खटला रद्द करण्याचा अर्ज करायचा आणि चुलत्यांनी स्वखुशीने प्रतिज्ञापत्र द्यायचं, की वाद मिटला, माझी तक्रार उरली नाही. गुन्हा तडजोडपात्र नसला, तरी तो मुळात खाजगी वादातून झालेला असेल आणि समाजावर फार परिणाम करणारा नसेल, तर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यानसिंग प्रकरणात स्पष्ट केलं. भावकीतलं बांधाचं भांडण याच जातीचं आहे. पूर्वी या कामाला मुंबई गाठावी लागायची आणि निम्मे लोक खर्चाच्या भीतीनेच कबुली देऊन बसायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा जिल्हा त्यात येतो. वडूजवरून सकाळी निघून काम करून रात्री घरी येता येतं. एक सांगतो. चुलत्यांकडे बोलणं करायला तुम्ही एकटे किंवा रात्रीचे जाऊ नका. ते साक्षीदारही आहेत. उद्या त्यांचं मन फिरलं तर 'दबाव आणला' अशी नवी तक्रार होईल. दोन्हीकडचे वकील आणि एखादं घरातलं वडीलधारं माणूस बसलं की पुरे. आणि बांधाची मोजणी त्याच बैठकीत ठरवा. फौजदारी कोर्ट कुणी मारलं ते ठरवेल, बांध कुठे होता ते ठरवणार नाही. तो वाद उघडा राहिला, तर पुढच्या पेरणीला पुन्हा हेच.

हुकलेली तारीख. समन्स मिळूनही गैरहजर राहिलं, की आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघतं. तुमचं निघालं आहे की नाही, ते ई-कोर्ट्सच्या ॲपवर समन्सावरचा सीएनआर क्रमांक (खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पाहा, किंवा वकिलांना दफ्तर पाहायला सांगा. निघालं असेल तर हवालदार घरी येण्याची वाट पाहू नका. स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा आणि जामिनाचा अर्ज एकत्र द्या. गैरहजेरीचं खरं कारण लिहा. अकॅडमीत होतो तर तसंच लिहा, खोटं आजारपण जोडू नका. खोटा दाखला उघडा पडला की पुढचं काहीच खरं वाटत नाही. ११८(१) अजामीनपात्र असलं तरी घाबरू नका. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो देणं-न देणं कोर्टाच्या हाती असतं एवढंच. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ज्याला तपासात अटक झाली नाही आणि ज्याने सहकार्य केलं, त्याच्या जामिनाचा विचार त्याला कोठडीत न घेता व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सतेंदरकुमार अंतिल प्रकरणात सांगितलं आहे. पुढे भरतीच्या चाचणीच्याच दिवशी तारीख आली, तर वकिलांमार्फत आधी हजेरी माफीचा अर्ज द्या. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय कोर्टात न जाणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे.

सह्यांची काळजी फार करू नका. बहुतेक त्या नोटीस मिळाल्याच्या पोचा असतील. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. नेमकी सही कशावर केली ते दोषारोपपत्रातच दिसेल. स्टेटसची काळजी मात्र करा. ते चोवीस तासांत गेलं असं तुम्हाला वाटतं, पण गावात स्क्रीनशॉट ठेवणारे हौशी लोक असतात. आता फोनमधलं काही पुसू नका, नवीन काही टाकू नका. काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द वकिलांना सांगा. मला अशिलाचा राग येतो तो फक्त एकाच गोष्टीचा, मला जे सांगितलं नाही ते मी उलटतपासाच्या वेळी समोरच्याकडून ऐकतो तेव्हा.

याला जोडून वडिलांच्या हाताचं. ग्रामीण रुग्णालयात दाखवलं असेल तर केसपेपर शोधा. त्यावर 'मारहाण' लिहिलं असेल तर तुमच्या बचावाला ते मोलाचं आहे, कारण स्वतःच्या अंगाचं आणि मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क कायदा देतो, गरजेपेक्षा जास्त मारलं नाही तर. आता एवढ्या दिवसांनी उलट फिर्याद देऊ नका, ती सुडाची दिसेल. आणि तिघांनी मिळून एकच काय ते ठरवा. 'आम्ही तिथे नव्हतोच' आणि 'त्यांनी आधी मारलं' हे दोन्ही एका तोंडाने सांगता येत नाही. तुमच्या पत्रावरून खरं दुसरं दिसतं, तेच धरा. ते सिद्ध झालं नाही तरी गुन्हा शाबित करायची जबाबदारी सरकार पक्षावरच राहते.

भरतीचं स्पष्ट सांगतो, गोड नाही. खटला चालू आहे म्हणून तुम्ही आपोआप बाद होता असं नाही, पण पडताळणी फॉर्ममधल्या रकान्यात तो लिहायचाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतारसिंग निकालानंतर याबाबत शंका उरलेली नाही. माहिती लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं, गुन्हा किरकोळ असला तरी. खरं लिहिलं तर गुन्ह्याचं स्वरूप, तुमचं तेव्हाचं वय, निकाल काय लागला, हे पाहून खातं ठरवतं. खटला रद्द झाला किंवा सुटलात तरी 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' याचं उत्तर 'हो'च राहील. पोलीस खातं त्यावरही विचार करू शकतं. तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा त्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केला आहे. म्हणून सुटण्याच्या वाटांतही क्रम आहे. साक्षीपुरावा होऊन स्वच्छ सुटका सगळ्यात भक्कम, पण वेळ खाते. रद्द होणं त्याखालोखाल. कबुली सगळ्यात शेवटी, किंबहुना यादीतच नाही. समजा सगळं उलटं जाऊन दोषी ठरलातच, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा, अशी विनंती वकिलांनी त्याच दिवशी करायला हवी. नंतर आठवून उपयोग नाही.

पैशांचं. फी काय ते वकिलांशी आधी ठरवा आणि पावती मागा, मागायला लाजू नका. रोख जामीन भरला तर नाझरकडची (कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडची) सरकारी पावती मिळते, ती जपा, खटला संपल्यावर त्यावरच पैसे परत येतात. "साहेबांना द्यावे लागतील" म्हणणारा कुणीही असो, त्याला एक रुपया देऊ नका. फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

पुढच्या तारखेला साडेदहालाच पोहोचा. बोर्डवर आपला नंबर पाहा आणि पुकारा होईल तिथून हलू नका. चहाला गेलेल्या माणसाचाच नंबर नेमका लागतो. बरोबर गावातला ओळखीचा जामीनदार न्या, त्याचा चालू सातबारा, आधार कार्ड आणि फोटो घेऊन. कोर्टाच्या दारात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा जामीनदार नको, तो उद्या दहा खोट्या जामिनांत सापडला की तुमचाही जामीन अडचणीत येतो. मामांसारखं जवळचं नातलग चालेल. चुलते स्वतःहून जामीन राहायला तयार झाले, तरी त्यांना नको म्हणा.